तीन वेळा घासलेला ड्रम

आमनाभाभीबद्दल वाईट बोलणारं माणूस आमच्या गावात तुम्हाला सापडायचं नाय, आणि सापडलंच तर माझ्याकडे पाठवा, मी बघते त्याच्याकडे. आता तसली माणसं बरीच झालीत, ते पुढे सांगते. माझं नाव नम्रता. ते बारशाला आत्याने ठेवलं, त्यात माझा काय दोष? नवरा महिपती टेम्पो चालवतो. गावातल्या बायांची भाजी आम्ही दोघं पहाटे टेम्पोत भरतो आणि पेणच्या बाजारात बसून मी ती विकते. त्यामुळे कुणाचा हात कसा, कुणाच्या जुडीत आत काय दडवलेलं असतं, ते मला बरोबर ठाऊक. आमनाभाभीसारखा हात मी दुसरा बघितला नाय.

नागोठण्याहून रोह्याला जाताना कालव्याच्या काठाला आमचं गाव. भात कापून झालं, कालव्याला पाणी सुटलं, की जिच्याकडे जेवढा तुकडा असेल तेवढ्यात ती माठ, पालक, मेथी, मुळा लावते. संध्याकाळी भाजी उपटायची, केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या आणि कालव्यात बुचकळून काढायच्या, ही आमची रीत. वरच्या अंगाला म्हशी बसलेल्या, खालच्या अंगाला कुणीतरी गोधड्या आपटतंय, आणि मध्ये आम्ही उद्या लोकांच्या ताटात जाणारी भाजी हलवतोय! मग ती खताच्या रिकाम्या गोणीत कोंबायची. पेणला पोचेपर्यंत खालच्या जुड्यांचा चोथा व्हायचा. मी बायांवर ओरडायची, बाया माझ्यावर ओरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

आमनाभाभी भाजी घेऊन कालव्यावर कधी आली नाय. ती बावडीचं पाणी ओढून घरीच धुवायची. आणि धुवायची म्हणजे तीन वेळा. भांडं असो, हात असो, मुळा असो, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यांच्यात नमाजाआधी हातपाय तीनतीनदा धुतात. ती सवय तिच्या आईने तिला लहानपणी लावली आणि भाभीने ती अख्ख्या संसाराला लावली. मी तिला चिडवायची, "भाभी, एक दिवस बावडीच उपसून घासायला काढशील." ती हसायची. म्हणायची, "धुतल्यावर समदं साफ व्हतं गो. नाय झालं तर परत धुवायचं, हाय काय त्यात?"

तिचा नवरा इकबाल कुवेतला राबला, छातीचं दुखणं घेऊन परत आला आणि गेला. मुलगा तमीम आता तिकडेच आहे, कुठल्याशा गोदामात शिफ्टमध्ये. घरात भाभी आणि तिची सून रुखसार, दोघीच. रुखसार रोह्याची पोर, बोलायला गोड, कामाला चपळ. लग्नानंतर तिला दिवस गेले ते राहिले नाय. तेव्हा ती शेतात वाकून मेथी उपटत होती आणि तिथेच तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले कामाचा काही संबंध नाय, पण भाभीच्या मनातून ते गेलं नाय. "मीच पोरीला वाकायला लावलं," असं ती मला कितीदा तरी म्हणाली असेल.

म्हणून परत दिवस राहिले तसं भाभीने रुखसारला शेताची वाट बंद केली. खुरपं नको, कळशी नको, बांधावरून चालणं नको. "मला दुसरं काय बी नको नम्रता," ती म्हणायची, "हे एवढं पोर हातात येऊ दे." फोनवर तमीम विचारायचा, रुखसार कशी आहे, आणि भाभी सांगायची, "बसवून ठेवलीय, राणीसारखी." रुखसार मला डोळा मारायची. राणीला कंटाळा आला होता, दुसरं काय.

त्याच हंगामात गावात एका संस्थेची बाई आली. शाळेच्या पडवीत बायांना बसवून तिने भाजी स्वच्छ कशी ठेवायची ते शिकवलं. कालव्याचं पाणी बंद, बावडीचं किंवा बोअरचं वापरा. एका टपात चिखल काढा, दुसऱ्या टपात शेवटचं पाणी. जुड्या सावलीत, जमिनीपासून उंच. गोणी नको, क्रेट घ्या. धुणारीने आधी स्वतःचे हात धुवावेत. आमच्या बाया चहा पिऊन, फोटो काढून घरी आल्या आणि संध्याकाळी कालव्यावर गेल्या. भाभी मात्र तिथून निघाली ती आनंदाने लाल होऊन. जन्मभर जिला सगळी वेडी म्हणत होती, तिचंच म्हणणं कुणीतरी शहरातून येऊन खरं ठरवलं होतं ना!

लगेच तिने परसात हिरव्या जाळीची सावली केली. बावडीवर पंप होताच, त्याला पाइप लावून घेतला. राहिले टप. बाजारातले प्लास्टिकचे टप आमच्या उन्हात एका हंगामात तडकतात. मग आमच्याकडे सगळे काय करतात? निळा ड्रम आणतात.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात कंपन्या पुष्कळ. कंपन्यांत माल ड्रममधून येतो, ड्रम रिकामे झाले की फिरत फिरत भंगारात येतात. हायवेला गडबकडे जाताना भंगाराची दुकानं लागतात, तिथे निळ्या ड्रमांची रांगच असते. रोह्यापासून पेणपर्यंत एक घर दाखवा ज्याच्या मोरीत, अंगणात, नाहीतर गच्चीवर निळा ड्रम नाय. पाणी भरायला, भात ठेवायला, लग्नात सरबत करायला. जाड, टिकाऊ, पोरं नाचली तरी फुटत नाय. आणायचा, राखेने घासायचा, उन्हात ठेवायचा, झालं. आत आधी काय होतं, हे विचारायची आमच्यात पद्धतच नाय.

महिपतीनेच टेम्पोतून भाभीला दोन ड्रम आणून दिले. त्यांना साखरेसारखा गोड वास येत होता. उभे कापले की एकाचे दोन टप, गुरांच्या डोणीसारखे. भाभीने ते तीन वेळा घासले आणि काम असं काही सुरू झालं की मी बघतच राहिले. एका टपात चिखल खाली बसायचा, दुसऱ्यातून जुडी निघायची ती काचेत मांडून ठेवावी अशी. जिथे आधी संध्याकाळ जायची तिथे दिवे लागायच्या आत सगळं क्रेटमध्ये. पेणला माझ्या पाटीपाशी बाया थांबायला लागल्या. रामवाडीहून एक बाई यायची, तिचं लहान पोर पालकाशिवाय जेवत नसे. ती म्हणायची, "त्या मुसलमान मावशीचा द्या हो, दुसरा नको."

आणि हे धुण्याचं काम कुणाकडे? रुखसारकडे. सावलीत, पाटावर बसून, गार पाण्यात हात. वाकणं नाय, उचलणं नाय. भाभी मला म्हणाली, "बघ, पोरीला काम बी मिळालं आनि जीवाला धोका बी नाय." तेव्हा मलाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

मागणी वाढली तसा आणखी एक ड्रम लागला. हा तिसरा ड्रम भाभीने भंगारवाल्याकडून स्वतः निवडून आणला. नवाकोरा दिसत होता, ओरखडा नाय. त्याचं बूच मात्र काही केल्या फिरेना. महिपतीने पाना लावला तेव्हा आतून फुस्स करून हवा आली आणि सगळ्या परसात बुटाच्या पॉलिशसारखा वास सुटला. महिपती तोंड फिरवून म्हणाला, "भाभी, हा नको. परत देतो." तरी भाभीने तो कापायला लावला, तर तळाला पिवळसर तेलकट डाग.

भाभी पदर खोचूनच उभी होती. म्हणाली, "वासाला काय भ्यायचं? धुतला की जाईल." तिने राख घेतली, चिंच घेतली, साबण घेतला, उकळतं पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तीनदा. उन्हात उलटा घातला, परत घासला. शेवटी मला बोलावून म्हणाली, "ये, हुंग." मी आत डोकं घातलं. वास नव्हता. ड्रम नुसता चकाकत होता. त्याचा एक टप तिने शेवटच्या पाण्याला लावला आणि दुसरा उपडा करून ठेवला. ऊन चढलं की टप तापायचा आणि कधी कधी मला परत तो वास आल्यासारखं वाटायचं, अगदी पुसट. मी म्हटलं, महिपतीच्या टेम्पोचाच असेल.

पहिल्यांदा बदल दिसला तो टपातलं पाणी जिथे ओतायचे तिथे. परसाच्या कोपऱ्यात केळी होत्या, सगळं सांडपाणी त्यांना जायचं. एवढ्या पाण्यावर केळ माजायला हवी, तर तिची पानं कडेने करपायला लागली. भाभी म्हणाली, पाणी जास्त झालं. मग त्या चरात बेडूक असायचे, संध्याकाळी नुसता कलकलाट, ते गप्प झाले. भाभी म्हणाली, उन्हाळा लागला. मग तिच्या दोन कोंबड्या त्या चराच्या काठाला मरून पडल्या. भाभी म्हणाली, मानमोडी आली असेल. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर तसं चुकीचंही म्हणता येत नव्हतं. पण मला त्या परसात जायला नको वाटायला लागलं होतं. का, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एक दिवस रुखसारने क्रेट पुढे केला तेव्हा तिची बोटं मला दिसली. टोकांची कातडी सोललेली आणि नखं पिवळी, हळद लावल्यासारखी.

"हे काय गो?" मी विचारलं.

"पाण्यात हात असतात ना मावशी," ती म्हणाली. "साबणाने झालं असेल. आणि डोकं पण धरतं आजकाल. अम्मींना नको सांगू, उगाच घाबरतील."

मी सांगितलंच. भाभीने साबण बदलला, रात्री झोपताना रुखसारच्या हाताला खोबरेल तेल चोळायला लागली. पुढच्या आठवड्यात रुखसार उठून उभी राहिली आणि तिला दम लागला. नुसती उभी राहिली हो! मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ जांभळे. जांभळं खाल्ल्यावर होतात तसे, पण जांभळं कुठली त्या दिवसांत?

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी भाभीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तो ड्रम फेकून दे. आजच्या आज. आणि पोरीला पेणला ने."

"ड्रमाचं काय?" भाभी म्हणाली. "गोळ्या चालू हायत तिच्या. रगत कमी हाय, नर्सबाय म्हणाल्यात."

"रक्त कमी असलं की माणूस पांढरं पडतं, जांभळं नाय पडत! केळी गेल्या, कोंबड्या गेल्या, आता कशाची वाट बघतेस?"

तिचा चेहरा उतरला. आमच्या एवढ्या वर्षांत ती माझ्यावर कधी चिडली नव्हती, ती तेव्हा चिडली. "मी माझ्या हाताने घासलाय तो, नम्रता. तीन वेळा. पहिल्या दोन ड्रमांना काय झालं? गावात पन्नास घरांत ड्रम हायत, त्यांना काय झालं? तू मला सांगतेस साफसफाई? कालव्याच्या पाण्यात भाजी बुचकळणारी तू?"

हे मला लागलं. मी पण काहीतरी बोलले आणि तोंड फिरवून आले. तिला मनातून भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाय. पण ज्या एका गोष्टीवर तिने आयुष्य उभं केलं होतं, तीच गोष्ट सुनेच्या जीवावर उठलीय, हे तिने कसं मान्य करावं? तिने रुखसारला पेणला न्यायचं ठरवलं, पण शुक्रवार झाल्यावर, शनिवारी.

शुक्रवारी दुपारी ती रडत, अनवाणी माझ्या दारात आली. "चल गो, चल, पोर उठत नाय." आम्ही धावलो. रुखसार पाटावरून कलंडून टपाला टेकली होती, एक हात अजून पाण्यात. ओठ, कान, नखं, सगळं निळंकाळं. श्वास चालू होता, पण वरवरचा. महिपतीने क्रेट खाली फेकले, आम्ही तिला टेम्पोत निजवली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि भाभी तिचे पाय चोळत राहिली. हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला भाभी म्हणायची, "हळू रे महिपती," आणि लगेच म्हणायची, "लवकर रे, लवकर."

पेणच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने रुखसारचं रक्त काढलं आणि सुई उजेडात धरून बघतच राहिली. रक्त लाल नव्हतं. कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते.

"ही कुठे कामाला आहे? केमिकल कंपनीत?" डॉक्टरणीने विचारलं.

"नाय हो," भाभी म्हणाली. "घरीच असते. बसवूनच ठेवलीय मी तिला. भाजी धुते फक्त."

"कशात?"

ड्रमाचं सगळं मीच सांगितलं. डॉक्टरीण खुर्चीवर बसली आणि आम्हाला समजेल असं बोलली. काही रसायनं प्लास्टिकमध्ये मुरतात. कितीही घासा, वरून जातात, आतून जात नाहीत. ऊन लागलं, पाणी भरलं, की थोडीथोडी बाहेर येत राहतात. हात तासन्‌तास पाण्यात असले की कातडीतून अंगात जातात आणि मग रक्त श्वास वाहून नेईनासं होतं. "तुम्ही घासलं नाही असं मी म्हणत नाही, आजी," ती म्हणाली. "हे घासण्याने जाणारंच नव्हतं."

इंजेक्शन दिलं तसा रुखसारच्या ओठांना हळूहळू रंग आला. भाभीने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिल्यांदा मोठ्याने श्वास घेतला. मग डॉक्टरणीने पोटावर यंत्र लावलं. ती बराच वेळ ते इकडून तिकडे फिरवत होती. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही फिरवलं. आईला श्वास पुरत नव्हता तेव्हा पोटातल्याला तो आधीच पुरेनासा झाला होता. मुलगा होता.

भाभी रडली नाय. तिने डॉक्टरणीला विचारलं, "माझे हात साफ हायत का हो? मी पोरीला हात लावू का?" त्या डॉक्टरणीच्याच डोळ्यांत पाणी आलं. मला तर काय झालं ते मी सांगत नाय.

रुखसारला दवाखान्यात ठेवून, तिची आई रोह्याहून आल्यावर आम्ही भाभीला कपडे आणायला गावी घेऊन निघालो. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "नम्रता, त्याच पाण्यातली भाजी तू पेणला विकलीस. कुणी कुणी खाल्ली असंल गो?" माझ्या डोळ्यांपुढे रामवाडीची ती बाई आली. आठवडाभर ती बाजारात दिसली नव्हती. मी भाभीला ते सांगितलं नाय. गडबपाशी महिपतीने टेम्पो थांबवला आणि तो भंगारवाल्याच्या अंगावर धावून गेला. भंगारवाला म्हणाला, "माझ्याकडे रिकामे येतात, रिकामे जातात. कुठला कुठून आला हे आता कोण सांगणार? पाणी भरायला घ्या असं मी कधी बोललो?" त्याच्या मागे रांग होती, निळीच्या निळी. एक माणूस त्यातला एक वाजवून बघत होता, आणि महिपतीचं बोलणं ऐकूनही त्याने तो घेतला.

घरी पोचताच भाभीने आतून कोयता आणला आणि ती परसात गेली. जाळीखाली टप होते, क्रेट होते, पाइपमधून पाणी ठिबकत होतं. तिसऱ्या ड्रमाचे दोन्ही टप नव्हते.

आमच्याकडे चांगली वस्तू उघड्यावर पडलेली दिसली आणि घरात कुणी नसलं, तर ती उचलायला चोरी कुणी म्हणत नाय. आणि तिचे टप तर गावात सगळ्यांत स्वच्छ, हे कुणाला ठाऊक नव्हतं? भाभी कोयता हातात घेऊन तशीच बाहेर पडली. मी मागे. ती प्रत्येक दारात जाऊन विचारायची, "माझा टप कुणी नेला? माझा म्हणून नाय मागत, तो वाईट हाय." बाया म्हणायच्या, आम्ही कशाला नेऊ, आमच्याकडे काय टप नायत? चोरीचा आळ येतोय म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आणि टप ओळखायचा कसा? प्रत्येक अंगणात निळंच दिसत होतं.

एक सापडला काळुरामच्या अंगणात. काळुराम म्हणजे गावाच्या टोकाचा म्हशीवाला. टपात पाणी भरलेलं आणि पाण्यात त्याची लहानगी नात बसून हात आपटत होती, उन्हात तापलेल्या पाण्यात, खिदळत. भाभीने कोयता टाकला, पोरीला काखेत धरून उचललं, आईच्या हातात दिलं आणि टप लाथेने पालथा केला. मग कोयता उचलून ती त्या टपावर तुटून पडली. प्लास्टिक जाड. कोयता आत रुतायचा, ओढून काढायचा, परत घालायचा. पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"अगो, काय येड लागलंय काय तुला?" काळुराम ओरडला. "घासून घेतलाय मी! तुझ्यासारखाच, तीन-तीन वेळा! पोरांच्या अंगाखालची वस्तू फोडतेस?"

"घासून जात नाय रे," भाभी म्हणाली. "काळुराम, अल्लाची शपथ, घासून जात नाय."

"आता नाय जात? जन्मभर तर तूच सांगत आलीस!"

ती तुकडे करत राहिली.

दुसरा टप अजून सापडला नाय. भाभी रोज निघते. रुखसार रोह्याला आईकडे आहे, तिने फोनवर सासूशी बोलायचं सोडलंय. तमीम येतो म्हणाला होता, आला नाय. गावात काय बोलतात ते मी ऐकते. नातू गेला म्हणून म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, सुनेला आधीपासूनच काहीतरी होतं, आमचे ड्रम बघा किती वर्षं झाली, काय झालंय? ती गल्लीत शिरली की बाया ड्रम ओढून आत घेतात आणि दार लावतात. मी एकदोघींशी भांडले. त्या म्हणाल्या, "तुला एवढी काळजी, तर तुझ्या मोरीतले दोन आधी बाहेर काढ की."

परवा सकाळी ती माझ्या दाराशी आली. वाळली होती. कोयता नव्हता हातात. आत येऊन ती मोरीपाशी उभी राहिली. तिथे माझे दोन ड्रम आहेत, महिपतीने आमचं घर बांधलं तेव्हा आणलेले. नळाला पाणी येतं तेव्हा आम्ही ते भरतो आणि प्यायला, शिजवायला तेच घेतो. भाभीने एकावरचं झाकण काढलं, आत वाकून बघितलं.

"नम्रता," ती म्हणाली, "ह्याच्यात आधी काय व्हतं?"

चांगला घासून घेतलाय गो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. ते मी गिळलं. मग मी आठवायला लागले, कुठून आणले, वास कसला होता, कुणी काही सांगितलं होतं का. भाभी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मला काहीच आठवेना. ह्याच पाण्याचा चहा गॅसवर उकळत होता आणि महिपती कप घेऊन बसला होता. मी जाऊन गॅस बंद केला.